नवा सर्व्हर घेण्याआधी जुन्याची नाडी पाहा



या अंकात आम्ही बेणे, खत किंवा खोडवा यांविषयी लिहीत नाही, याचे काहींना नवल वाटेल. ‘ऊस विकास खात्याने संगणकाच्या कामात नाक कशाला खुपसायचे?’ असा प्रश्न मागल्या गटसभेत एका जाणत्या सभासदाने आम्हाला तोंडावर विचारलाही. त्यांना दिलेले उत्तर येथे पुन्हा देतो. ऊस तुटला की वाळू लागतो. वजन घटते आणि त्यातली साखर मोडू लागते. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा, असे आम्हीच तुम्हाला बांधाबांधावर सांगत फिरतो. तोच ऊस पावती निघत नाही म्हणून काट्यापुढे उभा राहत असेल, तर तो प्रश्न आमचा आणि तुमचा दोघांचाही आहे.

संचालक मंडळापुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत. एक मोठा नवा सर्व्हर घेण्याचा. दुसरा, सर्व्हरवर देखरेख ठेवणारी एक भारी प्रणाली वार्षिक भाड्याने घेण्याचा. दोन्ही वार्षिक सभेत चर्चेला येतील. पैसा सभासदांचा असल्यामुळे सभासदांनी दोन्हींचा विचार समजून उमजून करावा, यासाठी हा लेखनप्रपंच. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. आधी मोजणी, मग साधन, आणि यंत्राची खरेदी सर्वांत शेवटी. आणि साधन निवडायचे ते आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे आणि ते रोज कोण बघणार आहे, हे पाहून.

जानेवारीत काय घडले

आपला सर्व्हर म्हणजे कार्यालयातील थंड खोलीत ठेवलेले एक यंत्र. ऊस नोंद, तोडणी कार्यक्रम, काट्याची पावती, ऊस बिल, पगार, भांडार, या सगळ्यांची वही तेथे एकच. २०२३-२४ च्या गळीत हंगामात, जानेवारी २०२४ मध्ये, संध्याकाळी ७ ते १० या वेळात काट्यावर पावती लवकर निघेना. दिवसभर सारे सुरळीत. दिवे लागले की घोडे अडायचे. गाड्यांची रांग गाडीतळाबाहेर रस्त्यावर आली. थंडीत कुडकुडणारा एक गाडीवान आम्हाला म्हणाला, “साहेब, बैलं हुबी हाईत, तुमचं मशीनच बसलंय!”

त्या वेळी आम्ही काय केले? कार्यकारी संचालकांना टिपण दिले की सर्व्हर लहान पडतो, मोठा घ्यावा. ते टिपण चुकीचे होते, हे येथे कबूल करतो. उसाचे पान पिवळे दिसले की युरियाचे पोते फोडणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही टोकतो. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, तसा लोहाच्या कमतरतेनेही येतो. त्या केवड्यावर युरिया कितीही टाकला तरी पान हिरवे होत नाही. माती तपासा, मगच खत द्या, असे आम्ही सांगतो. पण संगणकाचे पान पिवळे पडले तेव्हा आम्हीही पोतेच फोडायला निघालो होतो.

सुदैवाने टिपणावर शेरा आला: ‘कशावरून?’ या एका शब्दाने आम्हाला कामाला लावले.

एक वही आणि आठ दिवस

काटा क्र. २ वर एका चिटबॉयला चाळीस पानी वही दिली. गाडी काट्यावर चढल्याची वेळ, पावती हाती आल्याची वेळ, एवढेच लिहायचे. त्याच दिवसांत संगणक विभागातील तरुण ऑपरेटरने सर्व्हरमध्ये मुळातच असलेले ‘परफॉर्मन्स मॉनिटर’ हे साधन चालू केले. हे विंडोजबरोबर येते, त्याला वेगळा पैसा पडत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रांत ‘टॉप’, ‘व्हीएमस्टॅट’, ‘सार’ ही तशीच साधी साधने मिळतात.

आठ दिवसांनी वही आणि आलेख शेजारी ठेवले. एरवी एका वजनाला सरासरी १ मिनिट लागत होते. संध्याकाळी १ मिनिट ४८ सेकंद. प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, त्याही वेळी बराचसा रिकामा होता. मेमरीही पुरेशी शिल्लक होती. अडले होते ते डिस्कपाशी. डिस्कपुढे कामांची रांग लागली होती, अगदी गाडीतळावर लागते तशी.

त्याला कारणे दोन निघाली. पहिले, सगळ्या नोंदींची सुरक्षित नक्कल, ज्याला बॅकअप म्हणतात, ती रात्री ८ वाजता सुरू होत होती. ‘रात्री कार्यालय बंद असते’ या हिशेबाने ती वेळ कोणीतरी पूर्वी लावून ठेवली होती. कार्यालय बंद असते हे खरे, पण हंगामात काटा बंद नसतो! दुसरे, सर्व गट कार्यालये त्याच सुमारास उद्याचा तोडणी कार्यक्रम मागवत होती. नोंदवहीला योग्य अनुक्रमणिका नसल्यामुळे प्रत्येक वेळी सर्व्हर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी वही चाळत होता.

बॅकअप सकाळी १० वाजता नेला, कारण त्या वेळी गाड्या सर्वांत कमी असतात हे वहीनेच दाखवले. नोंदवहीला अनुक्रमणिका बांधली. काट्यावरचा वेळ पुन्हा मिनिटावर आला. खर्च झाला तो एक वही आणि दोन माणसांचे आठ दिवस एवढाच. नवा सर्व्हर आणला असता तर ‘आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला’ असा प्रकार झाला असता. कारण बॅकअप त्याच वेळी नव्या यंत्रावरही चाललाच असता.

अठ्ठेचाळीस सेकंदांची किंमत

कोणी म्हणेल, ४८ सेकंदांसाठी एवढा गाजावाजा कशाला? येथेच खरी मेख आहे. क्षमतेचे सगळे नियोजन या एका गोष्टीवर उभे असल्यामुळे ती सावकाश पाहू.

समजा, एका काट्यावर तासाला ३० गाड्या येतात, म्हणजे सरासरी दर २ मिनिटांस एक. गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. कधी तीन एकदम, कधी दहा मिनिटे कोणी नाही. प्रत्येकीला लागणारा वेळही कमीजास्त असतो. असे धरून रांगेचे जे शास्त्रीय गणित आहे, ते काय सांगते पाहा.

एका वजनाला १ मिनिट लागले तर काटा निम्मा वेळ गुंतलेला, निम्मा रिकामा. गाडीचे रांगेसह सगळे काम सरासरी २ मिनिटांत उरकते. दीड मिनिट लागले तर काटा पाऊण वेळ गुंतलेला आणि गाडीला ६ मिनिटे. १ मिनिट ४८ सेकंद लागले तर काटा शंभरातले ९० भाग गुंतलेला आणि गाडीला १८ मिनिटे! पुरती २ मिनिटे लागली तर रांग संपतच नाही, वाढतच जाते. म्हणजे वजनाचा वेळ दुपटीलाही पोचला नाही, आणि थांबणे मात्र नऊपट झाले.

हे गणित आजकालचे नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एरलांग यांनी टेलिफोन केंद्रासाठी या विषयावरचा पहिला निबंध १९०९ साली प्रसिद्ध केला. पुढे १९६१ साली जॉन लिटल यांनी एक सोपा नियम सिद्ध केला: येणाऱ्यांचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ म्हणजे रांगेची लांबी. तासाला ३० गाड्या आणि १८ मिनिटे थांबणे, म्हणजे कोणत्याही क्षणी काट्याशी सरासरी ९ गाड्या. हा हिशेब कोणीही सभासद बोटांवर करू शकतो. गाडीतळावरची सगळीच रांग काट्याची नसते, गव्हाणीचीही असते, हे आम्ही जाणतो. पण जी काट्याची आहे, ती तरी आपल्या हातातली आहे.

डिस्कचे आणि प्रोसेसरचेही तसेच आहे. ‘सर्व्हर अजून ९० टक्केच वापरात आहे, १० टक्के शिल्लक आहे’ असे कोणी सांगितले तर समाधान मानू नये. ते शेवटचे १० टक्के म्हणजे कड्याची धार असते.

सरासरीचा फसवा दिलासा

दुसरी गोष्ट सरासरीची. जानेवारीत डिस्कची दिवसभराची सरासरी पाहिली असती तर कोणाच्याही भुवया उंचावल्या नसत्या, कारण २१ तास सगळे ठीक होते. वर्षाचा पाऊस सरासरीइतका पडला म्हणून मे महिन्यात करपलेली लावण हिरवी होत नाही. म्हणून देखरेखीच्या साधनाला आमचा पहिला प्रश्न असा: तू गर्दीच्या तासाचे वेगळे दाखवतोस का? आणि दुसरा: शंभर पावत्यांपैकी ९५ पावत्या किती सेकंदांत निघाल्या हे सांगतोस का? उरलेल्या पाचांत कोणाचे तरी बैल उभे असतात.

ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने तपासणीची एक सोपी पद्धत सांगितली आहे. यंत्राच्या प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारावेत: वापर किती, पुढे रांग किती, आणि चुका किती? आपले चीफ इंजिनिअर मिल, बॉयलर आणि टर्बाइनला हेच प्रश्न रोज विचारतात. सर्व्हरला मात्र आपण आजवर एकच विचारत आलो: ‘चालू आहेस ना?’

साधन कसे निवडावे

बाजारात साधने पुष्कळ आहेत. त्यांचे मोल त्यांच्या रंगीत पडद्यावर ठरवू नये. आमच्या मते निवड चार कसोट्यांवर व्हावी.

पहिली कसोटी, प्रश्न कोणता? ‘यंत्र चालू की बंद’ हा एक प्रश्न. ‘हळू का झाले’ हा दुसरा. ‘पुढल्या हंगामात पुरेल का’ हा तिसरा. तिन्ही वेगळे आहेत. १९९९ साली निघालेले ‘नागिओस’ पहिल्यासाठी प्रसिद्ध आहे. काही बंद पडले की हाक मारते. लॅटव्हिया देशात सुरू झालेले आणि २००१ पासून खुले असलेले ‘झॅबिक्स’ आकडे गोळा करते, साठवते, आलेख काढते आणि हाकही मारते. ‘प्रोमिथियस’ हे साउंडक्लाउड कंपनीत २०१२ साली सुरू झाले. त्याच्या जोडीला आलेख काढण्यासाठी २०१४ सालचे ‘ग्राफाना’ वापरतात. शेकडो यंत्रे आणि सतत बदलणारी कामे जेथे आहेत, तेथे ही जोडी शोभते. ही सर्व विनामूल्य मिळतात. एक-दोन यंत्रांच्या कारखान्याने मोठ्यांची नक्कल करण्याचे कारण नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

दुसरी कसोटी, आकडे किती दिवस आणि कोणत्या रूपात टिकतात? क्षमतेचे नियोजन म्हणजे या जानेवारीची मागल्या जानेवारीशी तुलना. प्रोमिथियस आपण काही न सांगितल्यास १५ दिवसांचेच आकडे ठेवतो. मुदत वाढवावी लागते. काही जुनी साधने आकडे शिळे झाले की त्यांची सरासरी करून टाकतात आणि गर्दीचा उंचवटा पुसला जातो. झॅबिक्स तासातासाचे कमीत कमी, सरासरी आणि जास्तीत जास्त असे तीनही आकडे ठेवतो, ही आपल्या कामाची गोष्ट. मोजणीचे अंतरही पाहावे. पाच मिनिटांची सरासरी घेणाऱ्या साधनात ४८ सेकंदांपुरती आलेली अडचण झाकली जाऊ शकते. उलट दर सेकंदाला सगळेच मोजत बसले तर मोजणीचाच भार यंत्रावर पडतो. आम्हाला दर मिनिटाची मोजणी पुरेशी वाटते, पावतीचा वेळ मात्र प्रत्येक पावतीचा हवा.

तिसरी कसोटी, रोज बघणार कोण? हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. मागे एक भाड्याची प्रणाली महिनाभर चाचणीला आली होती. रात्रीत शे-सव्वाशे सूचना फोनवर यायच्या. चार दिवसांत ऑपरेटरने फोनचा आवाज बंद केला. पुढे एका रात्री डिस्क खरोखर भरत आली, तेव्हा तीही सूचना त्याच ढिगात पडून राहिली. ऑपरेटरला आम्ही दोष देत नाही. लांडगा आला रे आला असे रोज ओरडले, की खऱ्या लांडग्याला कोणी उठत नाही. म्हणून रात्री माणसाला उठवणाऱ्या सूचना तीनच असाव्यात: पावती थांबली, डिस्क भरत आली, बॅकअप झाला नाही. बाकीचे सकाळी चहाबरोबर पाहता येते.

चौथी कसोटी, खर्च आणि चावी. भाड्याच्या सेवा बहुधा यंत्रामागे भाडे आकारतात, यंत्रे वाढली की भाडे वाढते. विनामूल्य साधनही फुकट नसते; ते लावणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसाचे तास मोजावे लागतात. शिवाय देखरेखीच्या साधनाच्या हाती सगळ्या घराच्या चाव्या असतात. अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या देखरेख प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतूनच हल्लेखोर अनेक सरकारी खात्यांत शिरल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले. तेव्हा साधन कोणतेही असो, त्याला पाहण्यापुरतीच परवानगी द्यावी, सगळ्या चाव्या देऊ नयेत.

विस्तारवाढीचा हिशेब

हा विषय आजच काढण्याचे कारण विस्तारवाढ. रोजचे गाळप ५,००० टनांवरून ७,५०० टनांवर न्यायचे ठरत आहे. वाहनांची जात तीच राहिली तर गाड्या दीडपट होतील. ज्या काट्यावर गर्दीत तासाला ३० गाड्या, तेथे ४५ येतील. वजनाला १ मिनिटच लागले तरी गाडीचे काम २ ऐवजी ४ मिनिटांत होईल. तेही चालण्यासारखे आहे. पण तेच वजन ८० सेकंदांवर गेले तर रांग कधीच संपणार नाही. म्हणजे जानेवारी २०२४ मधील १०८ सेकंद विस्तारानंतर घडले, तर काटा कोलमडलाच म्हणून समजा. ‘गर्दीच्या वेळी एका वजनाला ८० सेकंदांच्या आत’ नव्हे, तर ‘साठाच्या आसपास’ ही अट संगणक विभागापुढे आणि यंत्र विकणाऱ्यापुढे लेखी ठेवली पाहिजे.

बिलाचेही तसेच. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज. पैसे नसल्याने उशीर होतो ती गोष्ट वेगळी. पण पंधरवड्याचे बिल याच सर्व्हरवर निघते. वाढलेल्या नोंदींनी ते काम किती तासांचे होईल, हे आज कोणालाच सांगता येत नाही. कारण ते कधी मोजलेलेच नाही.

नवा सर्व्हर कधीच नको, असे आमचे म्हणणे नाही. मोजणीअंती लागेलही. कदाचित जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली तरी भागेल. पण ‘इतक्या गाड्यांना, इतक्या सेकंदांत, इतकी पावती’ असा आकडा हातात असेल तर भाव करता येतो. आकडा नसेल तर विकणारा देईल ते यंत्र आणि सांगेल ती किंमत.

आमच्या सूचना

एक, जुन्या पडून असलेल्या एका संगणकावर झॅबिक्स लावावे. सर्व्हरवरच लावू नये, नाहीतर सर्व्हर बंद पडला की हाक मारणाराही त्याच्याबरोबर गप्प होईल. दोन, आठच आकडे रोज पाहावेत: प्रोसेसर, मेमरी, डिस्कचा वापर, डिस्कपुढची रांग, डिस्कची शिल्लक जागा, प्रत्येक पावतीचा वेळ, बिलाच्या कामाचा वेळ आणि बॅकअपची स्थिती. तीन, या आठांबरोबर त्या दिवशीच्या गाड्या आणि गाळपाचे टनही नोंदवावेत. टनांशी नाते नसलेला संगणकाचा आकडा नियोजनाला निरुपयोगी. चार, एक जबाबदार माणूस आणि एक बदली माणूस नावानिशी नेमावा. पाच, एक पूर्ण हंगाम मोजल्याशिवाय मोठी खरेदी करू नये. आणि सहा, पावतीच्या वेळेचा पंधरवड्याचा आकडा गाळप आणि उताऱ्याच्या तक्त्याशेजारी याच मुखपत्रात छापावा. आकडा छापला जाऊ लागला की तो सुधारण्याकडे लक्ष जाते, हा उताऱ्याच्या बाबतीत आपला सर्वांचा अनुभव आहे.

सभासदांकडूनही एक मागणे आहे. येत्या हंगामात आपली गाडी काट्यावर चढल्याची वेळ पावतीच्या मागे पेनाने लिहून ठेवा. सर्व्हर काय म्हणतो ते साधन सांगेल, पण काटा काय म्हणतो ते तुमची पावतीच सांगेल. दोहोंत फरक पडला तर आमच्या गट कार्यालयात आणून दाखवा.

आडसाली लावण करणारा शेतकरी दीड वर्ष पुढचा विचार करून सरी पाडतो, विहिरीत पाणी किती आणि उन्हाळ्यात ते किती एकरांना पुरेल याचा अंदाज घेऊनच क्षेत्र ठरवतो. क्षमतेचे नियोजन म्हणतात ते याहून वेगळे काही नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येऊ नये, आणि पाणी असताना दुसरी विहीरही खणली जाऊ नये, एवढीच आमची कळकळ आहे. वार्षिक सभेत हा विषय निघेल, तेव्हा सभासदांनी दोन्ही प्रस्तावांना तो एका शब्दाचा प्रश्न जरूर विचारावा: कशावरून?

— ऊस विकास अधिकारी